शेंदराखालचा नंबर

मोटार ठेवायची की भंगारात घालायची, हा वाद आमच्या घरात तीन वर्षं चालला आणि त्यात मी दोन्ही बाजूंनी भांडले. तेव्हा हे सगळं सांगायचा पहिला हक्क माझा, असं मी धरून चालते.

मोटार म्हणजे अण्णांची पद्मिनी. अण्णा म्हणजे माझे वडील. वय त्र्याऐंशी, पाटसकडच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केलेले, आणि अजूनही कुणाचं इंजिन बिघडल्याचं कानावर आलं की अर्ध्या ताटावरून उठणारे. माझं सासर आणि माहेर दोन्ही वडगाव रासाईतच, मध्ये दोन मळे आणि एक ओढा. त्यामुळे लग्न झालं तरी माहेरच्या भांडणांतून माझी काही सुटका झाली नाही. मी झेंडू आणि अष्टरची फुलशेती करते. धाकटा भाऊ माहेरची जमीन बघतो, ऊस आणि कांदा. त्याला कांदा साठवायला चाळ बांधायची होती, आणि चाळीला हवी तशी मोकळी, वाऱ्याची जागा नेमकी पद्मिनीच्या शेडनं अडवली होती.

त्याचं चुकत होतं असंही नाही. गाडी महिन्यातून एकदा न्हावऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची, त्यातही येताना कधी कधी ढकलत. मीच एकदा चिडून बोलून गेले होते, "अण्णा, ही गाडी न्हाई, गळ्यातलं लोढणं हाय." अण्णांनी फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली. ते बघून मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. माझा स्वभावच तसा आहे.

मग गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावं लागतं. आरटीओचे साहेब तपासतात. पास झाली तर पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालते, नाहीतर विषय संपला. एका सकाळी चहा पिता पिता अण्णा भावाला म्हणाले, "शिरूरला कॅम्प हाय, तितं नेतो. पास झाली तर माझ्या माघारीबी तिला कुणी भंगारात घालायची न्हाई. न्हाई झाली, तर मी सोता तिला भंगारवाल्याच्या दारात सोडून यीन."

"चालंल," भाऊ म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथं बाजू बदलली.

ही गाडी आमच्याकडे आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दौंडच्या एका डॉक्टरांनी ती नवी घेतली होती. नवी घेतली म्हणजे आधी नाव नोंदवलं आणि मग काही वर्षं वाट बघितली. तेव्हा मोटार ही दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती, नंबर लावून बसायची वस्तू होती. तिचं सगळं काम अण्णा करायचे, सुट्टीच्या दिवशी पाटसवरून दौंडला जाऊन. पुढे डॉक्टर मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि जाताना म्हणाले, ही तुमच्याच हातची आहे, तुम्हीच न्या. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. अण्णा गाडी घेऊन घरी आले त्या संध्याकाळी अर्धं गाव आमच्या मळ्यात जमलं होतं. गिअरचा दांडा खाली नसून स्टेअरिंगच्या बाजूला आहे, हे बघायला माणसं खिडकीतून आत डोकी घालत होती. पुढची सीट सलग होती. तिच्यावर तिघं बसायचे आणि मागे पाच. मांडीवरचे वेगळे. तिच्यावरच मी गाडी शिकले, आणि गावातून मोटार चालवत गेलेली पहिली बाई मी, हे मी अजूनही विषय निघो न निघो सांगतेच.

ही मूळची इटलीची, हे अण्णांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. साध्या माणसाला परवडावी म्हणून तिथल्या कंपनीनं काढलेली ही छोटी गाडी. तिची ड्रॉइंगं आणि ती बनवायचा परवाना मुंबईला आला. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी पेट्यांतून आलेले भाग नुसते जोडत, मग एकेक भाग इथंच घडवायला लागले. मद्रासला अशीच इंग्लंडची एक छोटी गाडी व्हायची, कलकत्त्याला इंग्लंडचीच एक थोराड. पुढे मी मोबाइलवर वाचलं, की त्या इटालियन कंपनीच्या छोट्या गाड्या अशाच परवान्यावर स्पेनमध्ये, पोलंडमध्ये, युगोस्लाव्हियात, तुर्कस्तानातसुद्धा बनत होत्या. म्हणजे आमच्यासारखीच तिकडची माणसंही सहा-सात जण आत कोंबून लग्नाला जात असणार. मला त्या सगळ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

अण्णांना मात्र या इतिहासातली एकच गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची. इटलीत ते मॉडेल केव्हाच बंद पडलं, तिथल्या लोकांनी नव्या गाड्या घेतल्या, आणि इथं आपली माणसं तीच गाडी पुढे तीसेक वर्षं घडवत राहिली. मधेच तिला देशी नावही दिलं. "जल्मली तिकडं, पर वाढली आपल्यात," अण्णा म्हणायचे. आमच्या गावानं तरी शेवटपर्यंत तिला मूळ इटालियन कंपनीच्याच नावानं ओळखलं. पद्मिनी म्हणणारे आम्ही घरचेच.

कुर्ल्याकडे इटलीचा परवाना होता. अण्णांकडे कुणाचाच नव्हता. कुर्ल्याचा कारखाना बंद झाला, सुटे भाग मिळेनात, तेव्हा अण्णांनी आपलं उत्पादन सुरू केलं. पाण्याच्या पंपाचं बुश त्यांनी दौंडच्या एका लेथवाल्याकडे बसून पितळेतून काढून घेतलं. दाराची कडी ट्रॅक्टरच्या कडीतून झाली. मागच्या काचेचं रबर कुठून आणलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. आज गाडीत निम्मं कुर्ला आहे आणि निम्मे अण्णा. इटलीचं आता फक्त तोंड राहिलंय, आणि तेही दोनदा ठोकून सरळ केलेलं.

आता शेंदराचं सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. गाड्यांना लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. अण्णांना ते पटलं नाही. ते म्हणाले, माणसाला कुंकू कपाळावर लावतात, मग गाडीचं कपाळ कोणतं? बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागे जो उभा पत्रा असतो, त्याच्यावर गाडीचा चासी नंबर ठोकलेला होता. "बॉनेट बदलतंय, इंजिन बदलतंय, टायर तर बदलत्यातच," अण्णांनी आम्हाला समजावलं. "नंबर बदलत न्हाई. नंबर म्हंजी ती." म्हणून पूजा नंबरची. पहिल्या वर्षी कुंकू लावलं, ते पहिल्याच धुण्यात गेलं. फिटर माणसाला टिकाऊ काम लागतं. पुढच्या वर्षी त्यांनी देवाला लावतात तसा शेंदूर आणला, तेलात कालवला आणि नंबरवर बोटानं लिंपला.

तो बसला तो बसला. देवाचा शेंदूर पुसत नसतात, म्हणून दर खंडेनवमीला जुन्यावर नवा. चाळीस वर्षं. तिथं हळूहळू अंगठ्याएवढा जाड, केशरी उंचवटा तयार झाला, आणि नंबर कधी दिसेनासा झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेजारीच रिव्हेट मारलेली पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर तोच नंबर होता आणि आजवर पासिंगला त्या पट्टीवरच भागत आलं होतं. गेल्या वर्षी तिथला गंज काढताना पट्टीचा भुगा झाला. अण्णांनी तो झाडून टाकला. "खाली ठोकल्याला हाय की," ते म्हणाले.

पासिंगच्या दिवशी मी पहाटे तोडलेल्या झेंडूचा हार स्वतः ओवून गाडीला घातला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. भाऊ मागे बसला, निकाल बघायला. मी गाडी चालवत शिरूरला आणली, आणि सांगायला अभिमान वाटतो की एकदाही ढकलावी लागली नाही.

मैदानात गाड्यांची ओळ लागली होती. आमच्या पुढे एक टेम्पो, मागे ट्रॅक्टर. साहेब तरुण होते, तिशीचे असतील, बोलायला नम्र. त्यांनी ब्रेक बघितले, ते लागले. चढावर हँडब्रेक ओढून बघितला, गाडी जागची हलली नाही. दिवे लागले. हॉर्न तर असा वाजला की पुढचा टेम्पोवाला दचकून बाजूला झाला. अण्णा दर तपासणीनंतर माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते. माझ्या मनात चाळीची जागा ओढ्याच्या बाजूला सरकायला लागली होती.

मग साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, मोबाइल काढला आणि विचारलं, "आबा, चासी नंबर कुठं आहे? फोटो घ्यायचाय."

अण्णांनी शेंदराकडे बोट केलं.

साहेबांनी वाकून तो उंचवटा बघितला. मागचा ट्रॅक्टरवाला डोकावला आणि त्यानं सवयीनं हात जोडले. "हा देव आहे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, नंबर हाय," अण्णा म्हणाले. "देव नंतर झाला."

ओळीतली माणसं हसली. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "आबा, गाडी चांगली ठेवलीत तुम्ही. पण नंबर दिसल्याशिवाय मला पास करता येणार नाही. आणि आधीच सांगतो, खरवडू नका. आकड्यांवर एक जरी ओरखडा दिसला तर खाडाखोड केली असं धरतात, मग माझ्या हातात काही राहत नाही. जेवणाची सुट्टी होतेय. आल्यावर बघतो."

आम्ही गाडी कडेला घेतली. भावानं तोवर डिकीतून स्क्रूड्रायव्हर आणला होता. "ठिव ते," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या हातातून घेऊन स्वतःच खिशात घातला. मग ते कडेच्या एका दगडावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले.

"माझ्याच हातानं घालवली," ते म्हणाले. "दरसाल पूजा करून घालवली."

भाऊ जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या अण्णा. चाळीचं बघू नंतर." त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता, आणि त्यामुळे तर मला जास्तच रडू आलं. शब्द दिलेला होता. अण्णा तो फिरवणार नव्हते. उद्या सकाळी ते खरोखर स्टेअरिंगवर बसून भंगारवाल्याच्या दारात गेले असते आणि एस.टी.नं परत आले असते.

मला रडू आलं की राग येतो. मी त्या शेंदरावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. मधे ठणठणीत लागला, पण वरच्या कोपऱ्याला आवाज पोकळ आला.

पुन्हा ठोकलं. पोकळच.

आणि मला लहानपणचं आठवलं. गावच्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर एका सकाळी आपला आपण सुटून पायाशी पडला होता. पिढ्यान् पिढ्यांचा थर, अखंड. कुणी घाबरलं नव्हतं. देवानं कवच सोडलं, असं म्हणत सगळ्या गावानं वाजतगाजत ते भीमेत सोडलं होतं, आणि आत काळाभोर, कोरीव मारुती निघाला होता. तोवर त्याला नाक-डोळे आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"अण्णा," मी म्हणाले, "हे कवच हाय. सुटायला आलंय."

अण्णांनी मान वर केली. ते उठले, कान पत्र्याजवळ नेला आणि स्वतः ठोकून बघितलं. पुढचं सगळं फिटर बोलला. "इंजिन चालू कर. तापू दे. लोखंड फुगंल, शेंदूर न्हाई फुगायचा."

वीसेक मिनिटं इंजिन चालू ठेवलं. वरच्या कडेला केसाएवढी फट दिसायला लागली. पण त्या फटीत घालायचं काय? स्क्रूड्रायव्हर नको, खिळा नको, पत्रा नको. भावानं बाभळीची काडी तासून आणली, ती जाड पडली. मी इकडेतिकडे बघत होते आणि समोर गाडीच्या तोंडावर माझा हार होता.

मी हार काढला, गाठ सोडली आणि दोरा ओढून घेतला. फुलं मैदानात पडली. हाराचा सुती दोरा तो, पीळ दिलेला. पाकळी कापत नाही, मग आकडा काय कापणार? असल्या दोऱ्यावर माझी निम्मी जिंदगी गेली आहे. इंजिनातली ऑइल बघायची पट्टी काढून मी तिच्यावरनं दोरा फिरवला, तेलकट केला, आणि फटीत घातला. एक टोक अण्णांकडे, एक माझ्याकडे.

"वढू नगं," अण्णा म्हणाले. "नुसता चालव."

आम्ही चालवला. तो माझ्याकडे, मग त्यांच्याकडे, पुन्हा माझ्याकडे. केशरी भुगा गळत होता. दोरा दोनदा तुटला, दोनदा उरलेल्यातला नवा तुकडा घेतला. इंजिनाच्या धगीनं तोंड भाजत होतं. भाऊ न सांगता पुढे झाला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ खाली धरली. ट्रॅक्टरवाला, टेम्पोवाला, चहावाला, सगळे भोवती उभे होते. निम्म्यावर आल्यावर बारीक कट् असा आवाज झाला आणि अख्खं कवच भावाच्या ओंजळीत आलं. त्याला जराही तडा गेला नव्हता.

आत पत्रा चकचकत होता. आणि त्याच्यावर एकेक आकडा असा स्वच्छ, असा तीक्ष्ण, की कुर्ल्याच्या कामगारानं आत्ताच ठोकून हातोडी खाली ठेवली असावी. मी त्यावरून बोट फिरवलं तर कडा बोटाला लागल्या. ओरखडा एकही नव्हता. मी मोठ्यानं तो नंबर वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि माझा आवाज एवढा चढला की साहेब जेवणाचा डबा बंद करून आले.

त्यांनी बॅटरी मारून बघितलं. फोटो घेतला. कागद धरून वरून पेन्सिल घासली, आकडे लख्ख उमटले. "एवढ्या जुन्या गाडीचा इतका शाबूत नंबर मी अजून बघितला नव्हता," ते म्हणाले. "बहुतेक गंजलेले असतात, निम्मे वाचताच येत नाहीत." मग त्यांनी भावाच्या हातातलं कवच उलटंपालटं करून बघितलं. "आबा, शेंदूर म्हणजे शिशाचा रंग. पूर्वी पुलांना, जहाजांना गंज धरू नये म्हणून हाच तेलात कालवून लावायचे."

"आमच्या कारखान्यात टाक्यांना त्योच लावायचो की," अण्णा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

अण्णांनी सदरा नीट केला. "पूजा हुती साहेब," ते म्हणाले. आणि मला आजतागायत कळलेलं नाही, की ते खरं होतं की फिटरची लबाडी होती.

गाडी पास झाली.

शिरूरच्या बाजारातून परत निघाले तेव्हा मी हॉर्न वाजवला. कारण नसताना वाजवला. मार्केट यार्डासमोर पुन्हा वाजवला. नव्या, गुळगुळीत गाड्यांमधली माणसं वळून बघत होती आणि माझी मान जी ताठ झाली ती न्हावऱ्यापर्यंत ताठच होती. तिथं चहाला थांबलो. भाऊ मांडीवर कवच घेऊन बसला होता, लहान मूल घेतल्यासारखा. "चाळ वढ्याकडं बांधू," तो कपाकडे बघत म्हणाला. "तितंबी वारं हाय." मी काही बोलले नाही. एवढं मोठेपण मला आयुष्यात क्वचित दाखवता आलंय.

कवचाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. रीत म्हणजे ते भीमेत सोडायचं. अण्णांनी ते उलटं करून डोळ्यांजवळ नेलं. आतल्या बाजूला गाडीचा सगळा नंबर उलट्या आकड्यांत उठला होता, साच्यात असतो तसा. "ही तर डाय हाय," ते म्हणाले. "डाय कुणी नदीत टाकतंय व्हय?" ते आता देव्हाऱ्यात आहे, देवांच्या मागे.

गाडी शेडमध्ये लावल्यावर अण्णा घरात गेले आणि पितळेच्या वाटीत शेंदूर आणि तेल कालवत बाहेर आले. खंडेनवमीला अजून अवकाश होता. मी म्हणाले, "अण्णा, असू द्या आता उघडा. पाच वर्सांनी पुन्ना ह्योच खेळ करावा लागंल."

"तवा तू कर," अण्णा म्हणाले आणि वाटी माझ्या हातात दिली. "दोरा तुझ्याकडंच हाय."

भावानं बॉनेट वर धरलं. आकडे दिसत राहतील असा पातळ हात द्यावा, असं मी ठरवलं होतं. पण बोट वाटीत बुडवल्यावर ते काही जमलं नाही. मी भरपूर लावला.